पश्चिमेकडचं दार

खालापुरात घर बांधणाऱ्याच्या पूर्वेला सह्याद्री असतो आणि पाऊस येतो पश्चिमेकडून. समुद्रावरून निघालेले ढग घाटाच्या भिंतीला अडतात आणि इथेच रिकामे होतात. कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माथेरानच्या माथ्यावर तर आकडा 5000च्या घरात जातो. हेच पाणी वर लोणावळ्याकडे तलावांत साठवून, नळांतून घाटाखाली सोडून टाटांनी 1915 साली खोपोलीत वीज तयार करायला सुरुवात केली. ज्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या, त्याच पाण्याची झड जून ते सप्टेंबर आमच्या पुढच्या दारावर बसते.

झड हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. सरळ पडणाऱ्या पावसाने दाराचं फारसं बिघडत नाही, छज्जा तो अडवतो. झड आडवी येते. वाऱ्याबरोबर ती दाराच्या फटीत, कुलपाच्या भोकात, खालच्या कडेला शिरते आणि तिथेच राहते. जुन्या घरांना हे माहीत होतं. कौलारू छप्पर डोक्याला लागेल इतकं खाली उतरलेलं, पुढे पडवी, पावसाळ्याआधी पडवीला बांधलेली झापं किंवा ताडपत्री, मग ओटी आणि त्यानंतर दार. सागवानाचं ते दार चार हात आत, अंधारात, कोरडं उभं असायचं. त्याला तेलाचा हात वर्षाआड मिळाला तरी पुरत असे. आता आपण स्लॅबचं घर बांधतो, दीड फुटाचा छज्जा काढतो आणि दार थेट दर्शनी भिंतीत बसवतो. दार खराब का झालं, या प्रश्नाचं पहिलं उत्तर रंगाच्या डब्यात सापडत नाही, ते घराच्या नकाशात सापडतं. ज्याला शक्य असेल त्याने रंगावर खर्च करण्याआधी दारापुढे तीन-साडेतीन फुटांचा पत्रा काढावा. मी हे मनापासून सांगते आहे, कारण आम्ही ते उशिरा केलं.

आमचं दार फायबरचं आहे. बारा वर्षांपूर्वी बसवलं तेव्हा गडद तपकिरी होतं, वर लाकडाच्या रेषांचा ठसा होता. पाच-सहा पावसाळ्यांत त्याची चकाकी गेली, मग हात फिरवला की तळव्याला भुकटी लागू लागली. गणपती आठ दिवसांवर आले होते, म्हणून एका रंगाऱ्याला बोलावलं. त्याने दार फडक्याने पुसलं, वरवर पेपर मारला आणि ऑइल पेंटचे दोन हात दिले. गौरी-गणपतीत दार इतकं सुरेख दिसलं, की येणारा प्रत्येक जण उंबऱ्यावर थांबून बोलला. दसऱ्याला तोरण काढताना चिकटपट्टीबरोबर तळहाताएवढा पोपडा निघून आला. खाली जुनं दार जसंच्या तसं, भुकटीसकट. त्या रंगाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. तारीख मी दिली होती. हे प्रकरण लिहायचं कारण तो पोपडाच आहे. नंतर जे वाचलं, विचारलं, करून पाहिलं, त्यातून एक गोष्ट पक्की झाली: आपल्या भागात दार रंगवायचा मुहूर्त पंचांगात पाहू नये, हवेतल्या पाण्यात पाहावा.

पण आधी दार ओळखू.

आपण ज्याला सरसकट ‘फायबरचं’ किंवा ‘रेडिमेड’ दार म्हणतो त्यात निदान तीन जाती आहेत आणि तिघींचा स्वभाव वेगळा. पहिली खरी फायबरची. काचेच्या तंतूंची चटई पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून साच्यात घट्ट केलेली पातळ कवचं, आत फोम किंवा लाकडाच्या पट्ट्या. रायगडच्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्या याच पदार्थाच्या. कवचाच्या वर रंग मिसळलेल्या रेझिनचा अर्धा मिलिमीटरभर थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. दाराला लाकडाचं रूप देणारा तोच. दुसरी जात लाकडाचा भुसा आणि पीव्हीसी एकत्र वितळवून केलेल्या फळीची. दुकानदार तिला डब्ल्यूपीसी म्हणतात. तिसरी फ्लश डोअर: आत लाकडाच्या पट्ट्या, वर दोन्ही बाजूंनी प्लाय, त्यावर व्हिनिअर, सनमायका किंवा नुसता रंग. ही तिसरी जात सगळ्यात जुनी आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त.

ओळखायला दार खालून पाहावं. आरसा उंबऱ्याशी धरला की खालची कड दिसते. लाकडाचे उभे तंतू आणि प्लायचे थर दिसले तर फ्लश. एकसारखा, पावासारखा बारीक जाळीचा पिवळट पदार्थ दिसला तर डब्ल्यूपीसी. पातळ कठीण कवच आणि मध्ये फोम किंवा चौकट दिसली तर फायबर. बोटाने ठोकल्यावरही कळतं. फायबरचा आवाज मधोमध पोकळ आणि कडेला भरीव, डब्ल्यूपीसीचा सगळीकडे सारखाच बसका.

ही दारं आली कुठून, याला थोडा इतिहास आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगलं वाचवण्यासाठी 1993 साली आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं. 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने देशभरातल्या वृक्षतोडीला लगाम बसला. सागवान महागलं आणि भुसा, प्लाय, काचतंतू, प्लास्टिक यांच्या दारांना बाजार मिळाला. बांधकाम विभागाची लाकूडबंदी पुढे 2020 साली उठली, पण तोवर दोन पिढ्यांच्या सुतारांचे हात बदलले होते. फ्लश दाराला धरून ठेवणारा डिंकही रसायनांचा: फॉर्मल्डिहाइडपासून केलेली रेझिनं. पाताळगंगेकाठच्या रसायनीत हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना अनेक वर्षं फॉर्मल्डिहाइड करत असे. फिनॉलची रेझिन वापरलेला प्लाय उकळत्या पाण्यात टिकतो, युरियाची वापरलेला काही पावसाळ्यांत थर सोडू लागतो. फ्लश दार घेताना ‘बीडब्ल्यूपी’ ही अक्षरं पाहायची ती यासाठी. थर सुटलेल्या दाराला कुठलाच रंग वाचवत नाही. तिथे रंगारी नको, सुतार बोलवावा.

आता हवेतलं पाणी.

हवा पाणी धरते आणि ते किती धरायचं याला मर्यादा असते. हवा थंड होत गेली की एका अंशाला ती मर्यादा येते आणि पाणी बाहेर पडतं. त्या अंशाला दवबिंदू म्हणतात. पृष्ठभाग त्या अंशाला किंवा त्याखाली गेला की त्यावर दव धरतं, कधी दिसेल असं, कधी डोळ्यांना न दिसण्याइतकं पातळ. जहाजांना आणि पोलादी नळांना रंग देणारे लोक एक नियम पाळतात: ज्यावर रंग द्यायचा तो पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी गरम हवा. आपल्या हवेला हा नियम लावून पाहा. जुलैतल्या एखाद्या दिवशी तापमान 27 अंश आणि आर्द्रता 95 टक्के असेल, तर दवबिंदू 26 अंशांच्या वर जातो. फरक एका अंशाचाही नाही. पावसाने उघडीप दिलेल्या भाद्रपदातल्या दुपारी 30 अंश आणि 85 टक्के असले तरी दवबिंदू 27 अंशांच्या पुढे असतो. ऊन पडलंय, अंगण सुकलंय, माणसं म्हणतात आज रंग देऊन टाकू; आणि फरक असतो तिनाच्या काठावर टेकलेला. डिसेंबरच्या दुपारी 32 अंश आणि 45 टक्के असतील तर दवबिंदू साडेअठरा अंशांवर येतो. तेरा अंशांचं अंतर पडतं.

बाजारात काहीशे रुपयांना मिळणारं आर्द्रतामापक हे आकडे देतं. ते नसेल तर स्वयंपाकघरातला तापमापक आणि स्टीलचा पेला पुरतो. दाराच्या पृष्ठभागाचं तापमान पाहायचं. पेल्यात साधं पाणी घेऊन त्यात फ्रीजमधलं पाणी थोडं थोडं मिसळायचं आणि ते दारापेक्षा 3 अंशांनी गार करायचं. पेला पुसून कोरडा करून दाराशेजारी ठेवायचा. पाच मिनिटांत पेल्याला घाम आला तर रंगाचा डबा बंदच ठेवायचा. हेही नको असेल तर घरातल्या माठाला विचारा. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, आणि हवा पाण्याने भरलेली असली की ते होत नाही. माठाचं पाणी कोमट लागतं तेव्हा रंगही नीट वाळत नाही. दोघांचं गणित एकच आहे.

‘वाळणं’ असं आपण म्हणतो खरं, पण वेगवेगळे रंग वेगवेगळ्या वाटांनी घट्ट होतात आणि ओल प्रत्येकाला वेगळ्या प्रकारे छळते. ऑइल पेंटमधला थिनर उडून जातो आणि उरलेलं तेलजन्य रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन जाळं विणतं. ते सावकाश चालतं. दमट हवेत आणखी सावकाश, आणि संध्याकाळी दव पडलं तर वरची चकाकी मरते, दुधासारखी धूसर होते. पाण्यात मिसळायच्या रंगात रेझिनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पडदा होतो. पाणीच उडालं नाही तर पडदा अर्धवट राहतो आणि पहिल्या झडीत मऊ पडतो. तिसरा प्रकार दोन डब्यांचा पीयू, म्हणजे रंग आणि हार्डनर. हार्डनर रंगाशी बांधला जायला हवा, पण तो पाण्याशीही तितक्याच उत्साहाने बांधला जातो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. दमट दिवशी मारलेल्या पीयूत टाचणीच्या टोकाएवढे फुगे दिसतात ते त्या वायूचे.

म्हणून आमचा मुहूर्त नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. एप्रिल-मे मध्ये हवा गरम असते, पण दार इतकं तापतं की रंग ब्रशच्या मागे मागे सुकतो आणि ब्रशच्या रेषा तशाच राहतात. शिवाय वळवाचा भरवसा नाही. हिवाळ्यातही दिवसाचे सगळे तास सारखे नाहीत. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत पहाटे धुकं साचतं आणि नऊपर्यंत दाराला हात लावला की बोट ओलं होतं. दार पश्चिमेकडे असण्याचा इथे एकच फायदा आहे: दुपारी साडेबारा-एकपर्यंत ते सावलीत असतं. दहाला सुरू करून साडेबाराला थांबलं, की ऊन येण्याआधी काम आटोपतं. पूर्वेकडच्या दाराला याच्या उलट, ऊन सरकल्यावर हात घालावा, पण तीनच्या पुढे जाऊ नये.

कामाला लागायचं ते धुण्यापासून. आपल्या दारावर काय काय बसलेलं असतं ते पाहा: तोरणाच्या चिकटपट्टीचा डिंक, शुभ-लाभच्या स्टिकरची कड, दिव्याच्या तेलाचे डाग, उदबत्तीची काजळी, हळदीकुंकवाची बोटं, कुलपाभोवती हातांचं तेल. यातलं तेल आणि काजळी रंगाचे खरे शत्रू. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, लिटरला दोन चमचे, आणि मऊ स्क्रबर. सोड्याचं पाणी हळदीवर पडलं की पिवळे डाग एकदम लालभडक होतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकले. हळदीतला कर्क्युमिन अल्कलीत लाल होतो, एवढंच ते. साध्या पाण्याने धुतलं की पुन्हा पिवळा होतो, आणि उन्हात राहिला तर फिका पडतो. ही युक्ती कामाचीही आहे. कुठे तरी लाली उरली असेल तर सोडा धुऊन निघालेला नाही असं समजायचं. सोडा मागे राहणं धोक्याचं आहे. रंगाच्या पडद्यातून पाण्याची वाफ आत-बाहेर करतच असते. आत मिठासारखा विरघळणारा पदार्थ असेल तर तो पाणी ओढून घेतो, आणि पावसाळ्यात रंगाला पाण्याचे फोड येतात. म्हणून सोड्यानंतर तीन वेळा स्वच्छ पाणी.

धुऊन झाल्यावर दारावर पाणी शिंपडून पाहायचं. ते सलग पसरलं तर दार स्वच्छ. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब होऊन निथळलं तर तिथे अजून तेल किंवा मेण आहे. फायबरचं दार साच्यातून सुटावं म्हणून कारखान्यात मेण लावतात, त्याचा अंश कधी कधी बारा वर्षांनीही कोपऱ्यांत सापडतो. तिथे फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसावं. रंगाचा तीव्र थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन डब्ल्यूपीसीवर मात्र लावू नये. त्यातलं पीव्हीसी मऊ पडून फळी चिकट होते, ती पुन्हा सपाट होत नाही.

कडी-कोयंडा, कुलूप, नावाची पाटी, डोळा, सगळं काढून ठेवावं. मास्किंग टेप लावून भागवण्याचा मोह होतो, पण कुलपाच्या कडेलाच पाणी शिरतं आणि तिथेच रंग पोहोचायला हवा. शक्य असेल तर दार बिजागऱ्यांवरून उतरवून दोन स्टुलांवर आडवं ठेवावं. आडव्या दारावर ओघळ येत नाहीत, आणि मुख्य म्हणजे वरची आणि खालची कड हाताला लागते. मी पाहिलेल्या खराब दारांपैकी बहुतेकांच्या या दोन कडांना रंगाचा थेंबही लागलेला नव्हता. उभ्या दाराला रंग देणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. फ्लश दारात खालच्या कडेला लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, आणि उंबऱ्यावर साठलेलं पाणी त्यांतून दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर चढतं. खालून चार बोटं फुगलेलं, प्लाय उकललेलं दार म्हणजे त्या कडेची कहाणी. फ्लश दार असेल तर पुढच्या बाजूला एक हात कमी द्या, पण कडांना तीन द्या.

आता जुना रंग. सगळा खरवडायचा की नाही हे अंदाजाने ठरवू नये. ब्लेडने जुन्या रंगावर दोन-दोन मिलिमीटरवर सहा आडव्या, सहा उभ्या रेषा ओढायच्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या. वर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढायची. चौकोन जागेवर राहिले तर तो रंग राहू द्या, त्याचा पाया चांगला आहे. सुटून आले तर सगळा काढा. आमचा गणपतीतला रंग पहिल्याच ओढीला चादरीसारखा निघाला, खरवडायचे कष्टही पडले नाहीत.

खरवडताना हीट गन किंवा स्टोव्हची ज्योत फायबर आणि डब्ल्यूपीसीवर वापरू नये. दार वाकतं आणि धूर विषारी असतो. चौकट जुन्या सागवानाची असेल तर आणखी एक काळजी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता धरून चालावं. त्या रंगाला कोरडा पेपर मारला की शिशाची धूळ उडते, ती रांगत्या मुलाच्या हातातून तोंडात जाते आणि मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. म्हणून चौकट ओल्या पेपरने घासावी, खाली प्लास्टिक पसरावं, चोथा गोळा करून पिशवीत बांधावा, झाडूने उडवू नये. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नकोत. हे मी कुठल्याही रंगकामाच्या सूचनेपेक्षा जास्त महत्त्वाचं मानते.

फायबरच्या दाराला पेपर मारायचा तो भुकटी काढण्यापुरता आणि पृष्ठभागाला दात आणण्यापुरता. ही भुकटी म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडलेलं रेझिन. रंगद्रव्याला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ते सुटं होऊन बाहेर येतं. तिच्यावर दिलेला रंग पिठावर सारवल्यासारखा असतो, आमचं नेमकं तेच झालं होतं. 320 नंबरचा पाणी पेपर, हलका हात, रेषांच्या दिशेने. भुकटी संपून एकसारखा मंद पृष्ठभाग आला की थांबायचं. अर्ध्या मिलिमीटरचा जेलकोट कापला गेला आणि काचेचे तंतू उघडे पडले तर ते हाताला खाजतात, श्वासात जातात आणि पुढे पाणी आत ओढतात. तोंडाला चांगला मास्क, हातात मोजे. डब्ल्यूपीसीला 220 नंबर चालतो. फ्लशला 180 ने सुरू करून 220 वर थांबावं.

खड्डे भरायला सुतार आणि रंगारी लांबी वापरतात. खडूची पूड आणि तेल मळून केलेली ही लांबी लाकडावर शतकभर चालत आली आहे आणि फ्लश दारावर आजही ठीक आहे. फायबरवर ती धरत नाही. त्यासाठी खोपोलीत जुन्या हायवेच्या बाजूला गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे कारागीर जी पॉलिएस्टर पुट्टी वापरतात ती घ्यावी. ती दाराच्याच जातीची आहे. चिमूटभर हार्डनर मिसळला की दहा-बारा मिनिटांत दगड होते, म्हणून लिंबाएवढीच कालवायची. भिंतीची पांढरी पुट्टी मात्र बाहेरच्या कुठल्याच दाराला लावू नये. ती सिमेंटची आहे, दार हलतं, आपटतं, उन्हात फुगतं, तिला ते सोसत नाही.

त्या गॅरेजमधल्या वयस्क कारागिराने मला एक गोष्ट सांगितली. मी विचारलं, “काका, कुठला रंग चांगला?” ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, “ताई, रंगाचं नंतर बघू. अस्तर कशाचं लावणार ते सांगा. गाडीचा पत्रा असो नाहीतर तुमचं दार, धरायचं काम अस्तराचं. रंग नुसता दिसायला.” त्यांच्या बोलण्यात थोडी भर घालायची तर रंग उन्हाला अडवतोही, पण धरण्याबद्दल ते अगदी बरोबर आहेत. फायबरला इपॉक्सीचं किंवा पीयूचं दोन डब्यांचं अस्तर. डब्ल्यूपीसीला प्लास्टिकवर बसणारं अ‍ॅक्रिलिक अस्तर. फ्लशला लाकडाचा प्रायमर, पहिला हात थोडा पातळ करून, म्हणजे तो तंतूंत उतरतो. ‘सगळ्याला चालतं’ असं लाकडाचं गुलाबी अस्तर फायबरवर लावणं ही नेहमीची चूक. त्याला मुरायला छिद्रं लागतात आणि फायबरला ती नाहीत.

वरचा रंग कुठला हा प्रश्न त्यामानाने सोपा. झडीत आणि उन्हात दोन डब्यांचा बाहेरचा पीयू सगळ्यात टिकतो, पण त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासनलिकेला घातक आहेत. दमा असलेल्याने तो हाती घेऊ नये, आणि फवारणी तर घरी कोणीच करू नये, ब्रश आणि फोमचा छोटा रोलर पुरे. तेवढी तयारी नसेल तर बाहेरच्या कामासाठीचं पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक इनॅमल घ्यावं. त्याचा पडदा लवचिक राहतो, दार उन्हात फुगलं-आकसलं तरी तडकत नाही. साधा ऑइल पेंट घराच्या आतल्या दाराला द्यावा. बाहेर तो दर वर्षी जास्त ताठ होत जातो आणि एक दिवस कडांवर चिरा दाखवतो.

छटा निवडताना पश्चिमेचं ऊन लक्षात घ्यावं. गडद चॉकलेटी किंवा काळ्या दाराचा पृष्ठभाग मार्चच्या दुपारी 60 अंशांच्या वर जाऊ शकतो. आत फोम असेल तर ती उष्णता मागे जात नाही, बाहेरचं कवच फुगतं, आतलं गार राहतं आणि दार धनुष्यासारखं बाक घेतं. संध्याकाळी लॅच लागत नाही, सकाळी लागतो, अशी तक्रार ज्यांची असते त्यांनी सुतार बोलावण्याआधी दाराचा रंग पाहावा. डब्ल्यूपीसीचं पीव्हीसी तर त्या तापमानाला मऊच पडायला लागतं. आम्ही जुना तपकिरी सोडून शेवाळी हिरव्याची फिकी छटा घेतली. पावसाळ्यात समोरच्या खाचरांशी ती जुळते हे नंतर लक्षात आलं.

सात फूट बाय तीन फुटांचं दार दोन्ही बाजूंनी मिळून बेचाळीस चौरस फूट भरतं. दोन हात आणि कडा धरल्या तरी एक लिटर रंग पुरून उरतो, त्यामुळे मोठा डबा घेऊ नये. अस्तराचा एक हात, वाळल्यावर 400 नंबरने अगदी हलका पेपर, ओल्या फडक्याने धूळ पुसणं, मग रंगाचा पहिला हात. पॅनेलचे खळगे आधी ब्रशने, सपाट भाग नंतर रोलरने, आणि शेवटी कोरड्या ब्रशच्या टोकाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने एक फेर. दुसऱ्या हाताआधी डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा, आणि तो वेळ कोरड्या हवेसाठी लिहिलेला असतो हे धरून त्यात निम्मी भर घालावी. पीयू आणि इपॉक्सीत उलटही असतं: ठरावीक काळाच्या पुढे गेलं तर खालचा थर इतका कठीण होतो की पुन्हा पेपर मारल्याशिवाय वरचा धरत नाही.

रात्री दार बंद करावंच लागतं, आणि इथे बऱ्याच चांगल्या कामांची माती होते. हाताला कोरडा लागणारा रंग आतून आठवडाभर मऊ असतो. चौकटीच्या रबराला किंवा जुन्या ऑइल पेंटला तो दाबून बसला की सकाळी दार उघडताना तुकडा सोडून येतो. कडा सगळ्यात आधी, सकाळी दहालाच रंगवाव्यात, रात्री चौकटीच्या खाचेत मेणकागद किंवा बेकिंगचा कागद लावून दार टेकवावं. वर्तमानपत्र लावू नये, त्याची शाई आणि कागद दोन्ही चिकटतात. कडी-कोयंडा बसवताना प्रत्येक स्क्रूच्या भोकात सिलिकॉनचा थेंब सोडावा, आणि तोही रंग पूर्ण कडक झाल्यावर. सिलिकॉन आधी सांडला तर त्यावर कुठलाच रंग बसत नाही.

आमचं दार डिसेंबरात चार सकाळींत झालं. उरलेला पाव लिटर रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवला, कारण बरणीत हवा राहिली की वर साय धरते. झाकणावर छटेचा क्रमांक आणि तारीख आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, आंबे उतरवून झाले की, आरसा आणि बारीक ब्रश घेऊन मी खालची कड पाहते. उंबऱ्यावर पाय घासून जिथे रंग गेला असेल तिथे एक टिपका देते. यंदा असे दोनच टिपके लागले, दोन्ही कुलपाच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे सुतळी बांधून दार उघडं ठेवायची आमची सवय आहे. सुतळीच्या जागी भिंतीला लोहचुंबकाचा खटका लावून घेतला.